अर्धा वार आणि दोन बोटं

राघो बोरसेला देवानं आवाज दिला तो राजाचा आणि अंगकाठी दिली ती राजामागं चवरी ढाळणाऱ्याची. दोन्ही एकाच माणसात कोंबताना काहीतरी घाई झाली असावी. सुरतेतल्या डिंडोलीच्या गणेशोत्सवातल्या नाटकात तो सलग नऊ वर्षं दैत्यांचा राजा झाला. खांद्यांवर कारखान्यातल्या सुताचा गुंता ठासलेला, मिशा काजळाच्या, आणि पहिलं वाक्य पडलं की शेवटच्या रांगेत निजलेली पोरं रडत उठायची. राणीचं काम करणारा सुकदेव पडदा पडला की हात जोडायचा. म्हणायचा, "राघोदादा, तोंड जरा प्रेक्षकांकडं ठेवा. माझा पदर उडतो."

हे झालं हौसेचं. पोटासाठी राघोनं सतरा वर्षं उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात घडीवर काम केलं. विणून आलेला ताका मेजावर पसरायचा, वारानं मोजायचा, घडी घालायची, आणि कुठं बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटलेला दिसला की खडूची खूण करायची. मीटर येऊन जमाना झाला होता, पण राघो आणि त्याचा शेठ दोघंही शेवटपर्यंत वारावरच जगले. आपण मोजलेलं कापड पसरलं तर सुरतेहून थेट आपल्या गावी पारोळ्याला पोचेल आणि परत येईल, असं तो सांगायचा. परत कशाला येईल, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "पारोळ्यात काम कुठाय?"

पंच्याण्णव साली शेठनं यंत्रं विकली आणि राघो शहरातल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात शिपाई म्हणून लागला. प्लेग येऊन गेल्याला वर्ष झालं होतं. सुरत अशी झाडूनपुसून बसली होती, की थुंकायच्या आधी माणूस दोन्ही बाजूंना पाहून घ्यायचा.

प्रसूतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर अनुजा दिघे यांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि एक ऊबपेटी. पेटीवर 'हात लावू नये' असं तीन भाषांत लिहिलेलं. बाई पुण्याच्या. नवरा बँकेतून सुरतेला बदलून आला म्हणून त्याही आल्या. आई खाऊनपिऊन असते, दुखणं नसतं, तरी काही बाळं पोटात वाढतच नाहीत, ती का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी बाळामागून पडणारी वार लागायची. ती ताजी हवी, बर्फावर हवी आणि अर्ध्या तासात हवी.

आता वार मागायची कुणी? बाळाची वार घरच्यांनी हळद-मीठ घालून पुरायची, हा रिवाज. तिच्यासाठी आज्या मडकं घेऊन दाराशी बसलेल्या असत. सिस्टर विचारायला गेली की आज्या ऐकू न आल्यासारखं करत. राघोचा आवाज ऐकू न आल्यासारखं करणं कुणालाच शक्य नव्हतं. बाईंनी त्याला वर बोलावलं आणि एक वही दिली. त्याला सोपं जावं म्हणून रकाने मराठीत आखले होते: आईचं नाव, वेळ, वार.

पहिल्या आठवड्यात राघोनं वार भरला. मंगळवार, बुधवार, पुन्हा बुधवार.

"अहो राघो, मी दिवस विचारत नाहीये," बाई म्हणाल्या. "वार मोजायची आणि आकडा लिहायचा. एवढंच."

बाईंना म्हणायचं होतं, तराजूवर ठेवून वजन लिहा. पण सतरा वर्षं घडीवर काढलेल्या माणसाला 'वार मोज' म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? शिवाय प्रसूतिगृहात सगळे त्या वस्तूला गुजरातीत 'ओर' म्हणत, आणि खानदेशात ती बायकांची गोष्ट. पुरुषासमोर तिचं नावही कुणी घेत नसे. राघोनं तीन आठवडे इमानेइतबारे मोजलं. बाईंनी वही उघडली तर आत सुबक अक्षरात: अर्धा वार आणि दोन बोटं. अर्धा वार, एक बोट कमी. पाऊण वारात चार बोटं कमी.

बाईंनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

"नाळ आहे मॅडम. मोजण्यासारखी तेवढीच लांब होती. धुवून मोजली. ताणली नाही, ताणून मोजणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं."

बाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी तो रकाना तसाच ठेवला, शेजारी वजनाचा नवा आखला, आणि त्यांच्या इंग्रजी तक्त्यात राघोचे वार आणि बोटं सेंटिमीटर होऊन बसली. घरी बायकोला हे कळलं तेव्हा ती पोळपाटावर हात टेकून हसली. चोवीस वर्षांच्या संसारात राघोनं तिला मुद्दाम एवढं कधी हसवलं नव्हतं.

त्यानंतर बाई त्याला समजावून सांगू लागल्या. पोटातलं बाळ वारेतून जेवतं. वारेत रक्तवाहिन्यांचं झाड असतं. फांदीला फांदी फुटली, तर आईच्या रक्तातलं बाळाला पोचतं. काही वारांमध्ये फांद्या फुटतच नाहीत, नुसते लांब सोट राहतात, आणि बाळ सुकतं.

"या वाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं," बाई म्हणाल्या.

"अस्तर," राघो म्हणाला, आणि तिथून पुढं त्याला सगळं समजलं.

ते अस्तर बाई सोडवून काढत, काचेच्या बशीत वाढवत, आणि भिंगाखाली त्याचं वागणं पाहत. त्यांनी राघोलाही डोळा लावायला दिला. भरल्या अंगाच्या बाळाच्या वारेतल्या पेशी हातपाय पसरत, एकमेकींना गाठत, गल्लीला गल्ली जोडत जाळं विणत. किरकोळ बाळाच्या वारेतल्या पेशी जिथं बसवल्या तिथंच. एखादी निघायची, अर्ध्या वाटेत थांबायची.

"बाणा सुटलाय," राघो म्हणाला. "खडू मारू का?"

मग राघो बाळंतखोलीबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहू लागला. दैत्यराजाला नऊ वर्षांत मिळाला नसेल असा प्रेक्षक त्याला रोज मिळू लागला. आधी आवाज खाली. "माय, बाळ आलं, देवाची कृपा." मग अर्धं पाऊल पुढं. "पण ज्यांची बाळं सुकतात, त्या माउलींचं काय?" इथं थांबा. मग आवाज चढत चढत छतापर्यंत. "तुमच्या घरची ही वार, जी मातीत फुकट जाणार, ती उद्या एखाद्या लेकराचा घास होणार." आज्या पदर डोळ्यांना लावत आणि द्यायला सांगत, सिस्टर बाळंतिणीची सही घेई. वॉर्डबॉय छगन दाराला टेकून रोज ऐके आणि शेवटचं वाक्य ओठांनी सोबत म्हणे.

दोन वर्षांत राघोनं वहीत शंभरावर नोंदी भरल्या. एकदाच एका म्हातारीनं त्याला आडवं घेतलं. "तुम्हना घरनी दिधी का?" तिनं विचारलं.

"दिली असती माय, पण तेव्हा हे शास्त्र निघालं नव्हतं," राघो म्हणाला.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात राघोची एकुलती एक मुलगी जयश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला भेस्तानला दिली होती; जावई योगेंद्र कापड रंगवण्याच्या कारखान्यात. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी पोटाला टेप लावली. राघो पडद्याच्या कडेला उभा होता. टेपेवरचा आकडा त्यानं डॉक्टरांच्या आधी वाचला. पोट महिनाभर मागं होतं.

सोनोग्राफी झाली. बाळाचं हृदय चांगलं, हालचाल चांगली, पण अंग भरलेलं नाही. लक्ष ठेवू, विश्रांती द्या, असं ठरलं. दिघेबाईंनी राघोला वर बोलावलं, खुर्ची दिली, जी त्या कधी देत नसत.

"राघो, मी तुम्हाला काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा. न दिलीत तरी माझ्या मनात काही येणार नाही."

याहून त्यांनी हट्ट धरला असता तर बरं झालं असतं. राघो जिना उतरला तर खाली छगन दाराला टेकून. बातमी त्याच्याआधी उतरली होती.

"राघोभाई," छगन म्हणाला, "हवे तमारो वारो."

राघोला आपली पाळी आली हे छगनशिवायही कळत होतं. शंभर घरांना त्यानं हात जोडून मागितलं होतं. आता स्वतःच्या घरची झाकून नेली, तर त्या व्हरांड्यात पुन्हा तोंड उघडता येणार नव्हतं. आणि बायकोला, प्रमिलाबाईला, न विचारता वर पोचवली, तर नवागामच्या आपल्या खोलीत तोंड दाखवता येणार नव्हतं.

प्रमिलाबाईनं उत्तर प्रश्नाआधीच दिलं. "मन्ही आंडेरनी वार बाटलीमा जावाव नही," ती भाकरी थापता थापता लेकीकडं मान करून म्हणाली.

"मी कुठं काय म्हणालो?"

"तोंड उघडं तुम्हीन. आवाज येवाना व्हता."

तिची बाजू पक्की होती. वार नीट पुरली नाही, तर पोराचा पाय घरात टिकत नाही. पुरावा समोरच जेवायला बसला होता. "तुम्हनी वार कुत्रानी खादी व्हती," ती म्हणाली. "तुम्हनी मायनी सोता सांगं मले. म्हनीसन तर तोंड रंगाडीसन फिरतस."

राघोनं दैत्यराजाचा आवाज लावला. शेजारच्या लोटूनं भिंतीवर थाप मारून विचारलं, नाटक कुठल्या तारखेला आहे. दुसऱ्या दिवशी राघोनं व्हरांड्यातलं भाषण आणलं, थांब्यांसकट. प्रमिलाबाईनं डाळ निवडली आणि 'उद्या एखाद्या लेकराचा' इथपर्यंत तो आल्यावर सुपातला खडा काढून दाखवला. तिसऱ्या दिवशी त्यानं जेवण सोडलं. तिनं त्याचं ताट जयश्रीपुढं सरकवलं. पोटातलं बाळ किरकोळ असल्यामुळं तिला दुप्पट खायला हवंच होतं. राघो पाणी पिऊन उठला.

"आई, आप्पा, मला कुणी विचारणार आहे का?" जयश्रीनं घास गिळत विचारलं.

"तू खा," दोघं एकदम म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं एकमत झालेलं ते एवढंच.

दिवस भरले आणि एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला जयश्री बाळंत झाली. मुलगी. एक किलो साडेआठशे. मूठभर जीव, पण आवाज आजोबाचा. बाहेर छगन दारापासून सरळ उभा राहिला. सिस्टर कोकिलाबेन वजन लिहून घेत हसल्या आणि म्हणाल्या, पोर लहान आहे, पण रडतेय ते चार किलोचं.

सिस्टरनं रिवाजाप्रमाणं जयश्रीला विचारलं, वार कुणाकडं द्यायची. जयश्री दमली होती, पण तिचं उत्तर तयार होतं. "आप्पांना द्या," ती म्हणाली. "पण आई हो म्हणाली तर. भांडून नेली तर मी सही करणार नाही."

अशा रीतीनं स्टीलचं झाकलेलं भांडं व्हरांड्यात आलं आणि मधल्या बाकावर बसलं. एका बाजूला प्रमिलाबाई, मांडीवर मडकं, पदराच्या गाठीत हळद आणि मीठ. दुसऱ्या बाजूला राघो, हातात बर्फाची पेटी. भिंतीवर घड्याळ. भोवती तीनचार घरची माणसं. त्यांतल्या एका आजीला राघोनं सकाळीच अर्धं भाषण ऐकवलं होतं. उरलेलं ऐकायला ती पुढं सरकली.

"चला," प्रमिलाबाई म्हणाली. "सगळ्यांना सांगता ते मलाही सांगा."

राघो उभा राहिला. आवाज खाली. "माय," त्यानं सुरुवात केली, आणि बायकोला माय म्हटल्याचं लक्षात येऊन थांबला. छगननं तोंडावर हात ठेवला. राघोनं अर्धं पाऊल पुढं टाकलं. "बाळ आलं, देवाची कृपा. पण ज्यांची..."

पुढचं वाक्य आलं नाही. रंगभूमीवर नऊ वर्षं आणि व्हरांड्यात दोन, एवढ्या काळात राघो बोरसे कधी वाक्य विसरला नव्हता. उलट दुसऱ्यांची वाक्यंही तोच म्हणायचा. छगन विंगेतून पुरवावं तसं कुजबुजला, "बाळं सुकतात." राघोनं ऐकलं. ते दोन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात. ज्यांची बाळं सुकतात त्या यादीत आज त्याचं घर होतं.

तो बाकावर बसला. प्रमिलाबाईच्या शेजारी, पेटी पायाशी ठेवून.

"मले भ्याव वाटस," तो म्हणाला, इतक्या हळू की पुढं सरकलेल्या आजीला काही मिळालं नाही. "मी रोज दखस त्या पेशी. लोकेस्न्या. हात पसरतस नहीत. आपली पोरले काय कमी पडनं, ते मले समजाले जोयजे. बाकी काही नही."

प्रमिलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. या आवाजाशी तिची ओळख नव्हती. तिनं मडक्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"कितली लागस?" तिनं विचारलं.

"काय कितली?"

"वार. बाईले कितली लागस? आख्खी?"

राघोनं घड्याळाकडं पाहिलं, छगनकडं पाहिलं. "आख्खी नेतो मी."

"नेतस आख्खी. लागस कितली? आन उरेल तिनं काय करतस?"

शंभरावर वारा राघोनं वर नेल्या होत्या. बोटं मोजून लिहिली होती. उरलेलीचं काय होतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. सगळे भाषण ऐकत होते.

अर्ध्या तासातली तेरा मिनिटं उरली होती. प्रमिलाबाई उठली, मडकं राघोच्या हातात दिलं, भांडं बर्फाच्या पेटीत ठेवून पेटी स्वतः उचलली आणि जिना चढू लागली. मागून राजाच्या आवाजाचा माणूस मडकं घेऊन.

दिघेबाईंनी दार उघडलं. दारात राघोची बायको, हे पाहून त्या बाजूला झाल्या.

"नमस्कार. वार आणली आहे, पण अजून दिलेली नाही," प्रमिलाबाई ठेवणीतल्या मराठीत म्हणाली. "तुम्हाला किती लागते?"

"एक सुपारीएवढा तुकडा. आणि नाळेचा वीतभर."

"आणि बाकीची?"

"बाकीची..." बाईंनी चष्मा काढला. "खाली जाते. दवाखान्याच्या खड्ड्यात पुरतात, इतर सगळ्याबरोबर. कुणी परत मागितलीच नाही कधी."

"तुम्ही सांगितलं होतं का, मागता येते म्हणून?"

बाई पुण्याच्या होत्या. 'माझं चुकलं' हे वाक्य त्यांच्याकडं होतं, पण फारसं वापरात नव्हतं. त्यांनी ते शोधून काढलं आणि म्हटलं.

"मग घ्या," प्रमिलाबाई म्हणाली. "सुपारीएवढी. मी इथंच उभी आहे."

राघो खाली धावला आणि जयश्रीची सही घेऊन वर आला. बाई वार कापत होत्या, प्रमिलाबाई नजर न हलवता पाहत होती. तुकडा पडला तेव्हा तिनं अंगठा आणि तर्जनी जोडून सुपारीचं माप ताडून पाहिलं आणि मान हलवली. मग बाईंनी तिला भिंगापाशी नेलं. आधी एक बशी दाखवली, मग दुसरी.

प्रमिलाबाईनं एक डोळा मिटला. "पहिली रांगोळी बरोबर आहे," ती म्हणाली. "दुसरीत नुसते ठिपके. रेघा ओढायच्या राहिल्या. कोणी अर्धी सोडली?"

बाई राघोकडं वळल्या. "दोन वर्षं मी हे तुम्हाला समजावतेय," त्या म्हणाल्या. मग प्रमिलाबाईला म्हणाल्या, "तेच शोधतेय. ठिपकेच आळशी आहेत, की रेघ ओढा असा निरोप त्यांना पोचत नाही, की निरोप पोचला तरी ओढायला अंगात ताकद नाही. अजून कळलेलं नाही."

"आमच्या पोरीचे असेच निघणार?"

"बहुतेक."

"मग ती एवढी ओरडली कशी?"

"होतं तेवढ्यातून ओढून घेतलं असणार तिनं," बाई म्हणाल्या. "आता दूध पाजा, उबेत ठेवा, दर आठवड्याला वजन करा. बाहेर आल्यावर तिला वारेची गरज नाही. भरेल ती."

उरलेली वार मडक्यात गेली, वर हळद आणि मीठ. जयश्रीजवळ योगेंद्रला बसवून दोघं रिक्षात बसली. नवागामच्या गल्लीत फरशी नसलेली जागा एकच, मारुतीमागच्या कडुनिंबाखाली. अर्ध्या वस्तीच्या वारा तिथंच होत्या. मडकं राघोच्या मांडीवर होतं.

उधन्याला रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी होती, संपता संपत नव्हती. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"आता म्हणा," प्रमिलाबाई म्हणाली.

"काय?"

"भाषण. मघाशी राहिलं ते."

राघोनं रिक्षावाल्याच्या पाठीकडं पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला. आवाज खाली, अर्धं पाऊल मनातल्या मनात. तिनं या वेळी डाळ निवडली नाही. मडक्याच्या तोंडावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. रिक्षावालासुद्धा मागं वळून बसला.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण 'फुकट जाणार' काढून टाका. मातीत जातं ते फुकट जात नाही."

"मग तिथं काय म्हणू?"

"तिथं काही नाही. अगदी पहिल्यांदा सांगा, सुपारीएवढी घेतो, बाकीची परत देतो, मडकं तयार ठेवा. मग रडवायचं तेवढं रडवा."

"पहिल्यांदाच सांगितलं तर भाषण ऐकणार कोण?"

"मी ऐकलं नाही का आत्ता?"

मालगाडीचे डबे जात होते. राघोनं मडकं मांडीवर नीट बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.